अनुभव धागा: कंपनीचा कार्यक्रम आणि हातातले दिवस

डीलर मीट असो, वर्धापन दिन असो, साहेब म्हणतात, "पुढच्या महिन्यात उरकून टाकू." खान्देशात असे कार्यक्रम उभे केलेल्यांनो, वेळ नेमका कुठे जातो ते लिहा.

जळगाव, विक्री विभाग
आमचा वेळ तारखेतच जातो. मे महिन्यातल्या मीटसाठी लॉनवाल्यांना फोन लावले की पहिला प्रश्न, "नवरी कोणाकडची?" तिथी असेल त्या दिवशी कंपनीला कोण विचारतो? म्हणून आधी पंचांग उघडायचं, तिथी नसलेला वार धरायचा. त्यात पारा ४५ च्या घरात, त्यामुळे दुपारचं सत्र एसी हॉलमध्येच घ्यावं लागतं. असे हॉल मोजके. दिवाळीच्या सुमारास बयाणा दिला तर मे सुखाचा.

भुसावळ
"जंक्शन आहे, गाड्या ढीगभर," असं म्हणणाऱ्यांनी वेटिंग लिस्ट बघावी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं. त्या सकाळी पाहुण्यांची नावं हातात पाहिजेत. आमच्या हेड ऑफिसला ती शेवटच्या आठवड्यात सुचतात.

यावल
बाहेरच्या पाहुण्यांना भरीत हवंच असतं, तेही कधीही! अहो, बामणोदच्या वांग्यांची खरी चव थंडीतली. आणि तेव्हाच भरीत करणाऱ्यांना शेतातल्या पार्ट्यांतून फुरसत नसते. काट्यांच्या (वाळक्या काड्यांच्या) जाळावर वांगी भाजायची, सोलायची, लाकडानं ठेचायची, मग मिरची-लसणाची फोडणी, वरून कांद्याची पात. दोनशे पानांचं हे काम हॉटेलच्या किचनमध्ये होत नाही. मोकळी जागा, जाळ आणि सराईत हात लागतात. आचारी आधी गाठा, मेन्यूकार्ड नंतर छापा.

जळगाव, एचआर
पाहुण्यांना अजिंठा दाखवायचं ठरलं, वार सोमवार. सोमवारी लेणी बंद! कार्यक्रमपत्रिका छापून आल्यावर ड्रायव्हरनं सांगितलं.

धुळे
मंडपवाला पहिल्याच भेटीत विचारतो, "भाऊ, दिन कितला शेतस हातमा?" (हातात दिवस किती आहेत?) उत्तर ऐकून भाव सांगतो. घाईचा भाव वेगळा, हे उघड आहे. स्पीकरच्या परवानगीचा अर्ज मात्र त्याच्यावर सोडू नका, स्वतः करा. उघड्यावर रात्री दहाला आवाज बंद, आणि प्रमुख पाहुणे साडेआठला येतात. आम्ही आता पत्रिकेवर त्यांना सहाची वेळ कळवतो आणि ऑर्केस्ट्रा भाषणांच्या आधी ठेवतो.