ओढ्यातले मासे पेलेट थुंकतात

प्रश्न: ओढ्यातून पकडून टाकीत ठेवलेले मासे जिवंत आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक झिंग्यासारखे जीव) खातात, पेलेट (तयार दाणेदार खाद्य) मात्र तोंडात घेऊन लगेच थुंकतात. सवय कशी लावावी?

उत्तर १: आधी फ्रोझन ब्लडवर्मवर (गोठवलेल्या लाल अळ्यांवर) आणा, थेट पेलेटवर नको. मग १ मिमीचे बुडणारे पेलेट ब्लडवर्म वितळून सुटलेल्या पाण्यात १० मिनिटं भिजवून ब्लडवर्ममध्येच मिसळा. सुरुवातीला पाव भाग पेलेट, पुढे हळूहळू जास्त. फिल्टरच्या धारेत सोडा. हलत्या कणावर मासा झडप घालतो, तळाशी पडलेल्याकडे बघतही नाही.

उत्तर २: थुंकतात म्हणजे चव घेतायत, हे चांगलंच लक्षण! दाणा कडक किंवा मोठा असेल, चुरून बघा. उरलेलं १५ मिनिटांत सायफनने (नळीने ओढून) काढा, नाहीतर ते कुजून पाण्यात विषारी अमोनिया वाढेल.

उत्तर ३: पोट खपाटीला आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल तर आधी पोटातल्या परजीवींचा (जंत वगैरे) उपचार. अशा माशाला उपाशी ठेवून पेलेट शिकवू नका.