बागेतल्या तणावर कोंबड्या सोडा, तणनाशक नको

मातीचा_माणूस:
तणनाशक फवारावं का, हा प्रश्न सारखा येतो. माझं मत स्पष्ट आहे: जागेला कुंपण घालता येत असेल तर आधी कोंबड्या सोडा. कोंबडी दिवसभर उकरते आणि टिपते. दोन पानांवरचं तण मुळासकट जातं, वरच्या थरातल्या बियाही जातात. त्यातल्या बऱ्याच तिच्या पोटातल्या खड्यांत भरडल्या जातात. अळ्या, गोगलगायी कमी होतात, खत आपोआप पडतं. विष कुठेच नाही.

खुरपंवाली:
असहमत. दोन पानांवरचं तण हातानंही निघतं हो! खरा त्रास लव्हाळ्याचा आणि हरळीचा. लव्हाळ्याच्या गाठी पार वीतभर खोल असतात, धाग्यासारख्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या. कोंबडी उकरणार दोन बोटं. वरची पात गेली की खालची गाठ नवा कोंब काढते. हरळीचं त्याहून वाईट. उकरताना तुटलेली काशी, म्हणजे तिचं जमिनीतलं पेरांचं खोड, बाजूला फेकली जाते आणि ओल मिळाली की पेरातून रुजते. ज्या वाफ्यात हरळी नव्हती तिथेही मग ती येते.

मातीचा_माणूस:
पण पात पुन्हा पुन्हा खुडली गेली तर गाठीतला साठा संपतोच ना? खुरपणीनं तरी दुसरं काय साधतं?

खुरपंवाली:
संपतो, पण फुटल्या फुटल्या खुडली तरच. निबर पातीला कोंबडी चोच लावत नाही. आणि कोंबड्या एकाच जागी ठेवल्या तर जमीन उघडी पडते, मग वाऱ्यावर येणाऱ्या बियांना रान मोकळं.

रानफूल:
गाजर गवत विसरू नका. ते कडू असतं. कोंबड्या आजूबाजूचं कोवळं खाऊन संपवतात आणि गाजर गवत मात्र फोफावतं. एका झाडाला १०,००० हून जास्त बिया धरतात. फुलायच्या आधी हातमोजे घालून उपटणं हाच उपाय. घाणेरीचं मूळ तर खणूनच काढावं लागतं. कुंपणाला कण्हेर किंवा एरंड असेल तर कोंबड्यांच्याच जिवावर बेतू शकतं. आणि गांडुळं? तीही कोंबड्या सोडत नाहीत. मला तर या सगळ्यात त्याचंच जास्त वाईट वाटतं.

सावलीतली_बाग:
आम्ही कोंबड्या शेवटी आणतो. आधी टिकावानं खणून काशा आणि गाठी हातानं वेचायच्या. मग पाणी देऊन उरलेलं तण मुद्दाम उगवू द्यायचं. मातीवर हिरवी साय धरल्यासारखी दिसली की त्यावर फिरतं खुराडं ठेवायचं, म्हणजे बिनतळाची जाळीची चौकट. कोंबडी एकदा या पायानं, एकदा त्या पायानं माती मागे ओढते, पाऊलभर मागे सरकते, मान तिरपी करून बघते आणि मगच टिपते. बघत बसावंसं वाटतं. माती भुसभुशीत झाली की खुराडं पुढे सरकवायचं आणि मोकळी जागा त्याच दिवशी पालापाचोळ्यानं जाड झाकायची. हे झाकणं राहिलं तर सगळी मेहनत वाया.

खुरपंवाली:
म्हणजे अवघड काम टिकावानं केलं, कोंबड्यांनी शेवटचा हात फिरवला. एवढं मला मान्य. पण खताचं कौतुक नको. ताज्या विष्ठेत नत्र इतकं जहाल असतं की रोपं करपतात, आणि माठ-चाकवतासारखी नत्रावर पोसणारी तणं उलट जोमानं येतात. विष्ठेतल्या साल्मोनेला या रोगकारक जिवाणूचा धोका वेगळाच. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चं खत घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस जाऊ द्यावे लागतात, खायचा भाग मातीला लागत नसेल तर ९०. पालेभाजीच्या उभ्या वाफ्यात कोंबड्या नकोतच.

मातीचा_माणूस:
पालेभाजीचं पटलं. वाफा रिकामा असताना, पेरणीच्या बऱ्याच आधी सोडाव्यात. पण शीर्षक बदलणार नाही. एका फवारणीत लव्हाळ्याच्या सगळ्या गाठी मरत नाहीत, म्हणजे पुन्हा पुन्हा विष ओतणं आलंच. फळझाडांखाली तर कोंबड्या उत्तम. फक्त लहान झाडांच्या बुंध्याभोवती जाळी लावा, नाहीतर वरची मुळं उघडी पडतात.

रानफूल:
फळझाडांखाली नुसतं गवत असेल तर मी पाळीव हंस सुचवेन. हंस चरतो, कोंबडीसारखं उकरत नाही, त्यामुळे मुळं आणि गांडुळं दोन्ही वाचतात. कापसाच्या आणि स्ट्रॉबेरीच्या शेतात निंदणीसाठी हंस सोडले गेले आहेत. कुणी ते लव्हाळ्यावर सोडले असतील तर जरूर लिहा.