रोजच्या लेखनासाठी रॉयल ब्लू की ब्लू-ब्लॅक?

(वाचकांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

नौपाडाकर

फाऊंटन पेनकडे नव्याने वळलेल्या माणसाने पहिली दौत कोणती घ्यावी, असे गेल्या महिन्याभरात मला तिघांनी विचारले आणि तिघांच्याही डोळ्यांपुढे चकाकणारे कण मिसळलेल्या महागड्या शाया होत्या. माझे मत असे, की रोजचे लेखन तात्पुरतेच असते, म्हणून पहिली दौत साध्या, धुता येणाऱ्या रॉयल ब्लूची असावी आणि ती संपेपर्यंत दुसरी उघडू नये.

ही शाई म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेले रंजक. तिच्यात तळाशी बसणारे काही नसते, त्यामुळे पेन पंधरा दिवस पडून राहिले तरी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुतल्यावर फीडची, म्हणजे निबकडे शाई नेणाऱ्या भागाची, वाट मोकळी होते. जर्मनीत शाळकरी मुलांच्या हातात पिढ्यानपिढ्या हीच शाई दिली गेली, कारण चुकलेला शब्द खोडपेनाने क्षणात रंगहीन करता येतो.

रॉयल ब्लूला सपक म्हणणाऱ्यांनी तिच्याकडे नीट पाहिलेले नाही, असे मला वाटते. थोड्या रुंद निबने आणि गुळगुळीत कागदावर लिहिले, की जिथे हात वेगाने जातो तिथे ती आकाशी दिसते आणि जिथे थांबतो तिथे गडद होते. आपल्या देवनागरीत तर शिरोरेषेच्या उजव्या टोकाला आणि कान्याच्या पायाशी शाई साठते, त्यामुळे एकाच शब्दात निळ्याच्या तीन-चार छटा उमटतात. निवडतानाही पेनचा स्वभाव पाहावा : पेलिकन कंपनीची ४००१ ही शाईमालिका कोरडी वाहते, म्हणून भरमसाट शाई सोडणाऱ्या पेनला ती आवर घालते, वॉटरमनची निळी सैल वाहते, म्हणून अडखळणाऱ्या निबला ती मोकळे करते.

नेरूळवासी

आपल्या मताचा आदर राखून मी पूर्ण विरोध नोंदवते. २६ जुलै २००५ रोजी आम्ही कळव्याला तळमजल्यावर राहत होतो. पलंगाखालच्या ट्रंकेत वडिलांनी आईला लिहिलेली रॉयल ब्लूतली पत्रे होती आणि त्यांच्या खाली आजोबांची ब्लू-ब्लॅकमध्ये लिहिलेली जमाखर्चाची वही. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली, तेव्हा पत्रांचे फिकट निळे कागद उरले होते, एकही ओळ लागत नव्हती; वहीतली नारळ-सुपारीची प्रत्येक रक्कम मात्र आजही वाचता येते. नारळ-सुपारीचा हिशेब टिकावा आणि पत्रे जावीत, याचे दुःख मला अजून आहे, म्हणून ‘रोजचे लेखन तात्पुरतेच असते’ हा विचार मला मान्य होत नाही. कोणते पान पुढे मोलाचे ठरेल, हे लिहिताना कळत नाही.

अस्सल ब्लू-ब्लॅक का टिकते, तेही सांगते. तिच्यात हिराकस (लोहाचा क्षार) आणि मायफळातून मिळणाऱ्या आम्लासारखे आम्ल असते. दौतीत हे लोहसंयुग विरघळलेले राहते. कागदाच्या तंतूंत शिरल्यावर हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन ते काळे आणि पाण्यात न विरघळणारे बनते. लिहिताना दिसणारा निळा रंग हा केवळ अक्षर दिसावे म्हणून घातलेल्या रंजकाचा असतो. आज निळी लिहिलेली ओळ उद्या सकाळी काळसर झालेली पाहणे, हा माझ्या दृष्टीने शाईचा सर्वांत मोठा आनंद आहे. आपल्याकडेही हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करीत असत, तेव्हा ही रीत परकी नाही.

पाचपाखाडी

एक दुरुस्ती आवश्यक वाटते. दौतीवर ‘ब्लू-ब्लॅक’ लिहिले आहे म्हणून आत लोह असेलच असे नाही. पेलिकन ४००१ आणि प्लॅटिनम ही जपानी कंपनी यांच्या ब्लू-ब्लॅकमध्ये ते आहे. वॉटरमनच्या त्याच छटेत नाही, ती केवळ रंजकांची शाई आहे. शंका असल्यास एक ओळ लिहून दोन दिवस ठेवावी आणि मग वाहत्या नळाखाली धरावी. काळसर अक्षर मागे उरले, तर विश्वास ठेवावा.

बेलापूर सीबीडी

चांगली शाई म्हटले की परदेशी दौतींचीच नावे का यावीत? पार्करची क्विंक ही शाई १९३१ साली बाजारात आली आणि त्याच वर्षी दांडेकरांनी मुंबईत शाईच्या पुडीपासून आणि गोळ्यांपासून पुढे कॅम्लिन झालेला उद्योग उभा केला. बंगालमधली सुलेखा ही शाई १९३४ ची, स्वदेशीच्या चळवळीतून जन्मलेली. नवशिक्याने कॅम्लिनच्या ‘कॅमल’ नावाची रॉयल ब्लू घ्यावी आणि वाचलेले पैसे कागदावर खर्च करावेत. खाडीकाठच्या आपल्या हवेत जून ते सप्टेंबर कागद दमट होतो आणि स्वस्त झेरॉक्स कागदावर कोणतीही शाई कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. मग दोष शाईला दिला जातो. वह्या बंद कपाटात ठेवल्या, तर हा त्रास बराच कमी होतो.

नौपाडाकर

नेरूळवासी, आपल्या आईंच्या पत्रांविषयी वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. पत्रे आणि तारीख घातलेली रोजनिशी यांसाठी लोहयुक्त शाई वापरावी, हे मला पटले आणि ते मी मान्य करतो.

तरीही पहिल्या दौतीबाबतचे मत मी बदलत नाही. लोहयुक्त शाई आम्लधर्मी असते. सोन्याच्या निबला त्याचे फारसे काही वाटत नाही, पण नवशिक्याच्या हाती बहुधा स्टीलचे निब असते आणि पेन धुण्याची शिस्त अजून लागलेली नसते. माझ्या थोरल्या भावाच्या जुन्या पिस्टन पेनात (आतल्या दट्ट्याने शाई ओढणाऱ्या) मी अशी शाई भरून चार महिने विसरलो होतो. आत काळा थर बसला, पिस्टन जागचे हलेना, आणि दुरुस्त करणाऱ्यांनी खोलताना नळीला तडा गेला. चूक माझीच होती, परंतु रॉयल ब्लूने ती चूक पोटात घातली असती.

नेरूळवासी

दर पंधरवड्याला पेन धुणे हे झाडांना पाणी घालण्याइतकेच सोपे आहे. शिस्त पहिल्या दौतीपासून लागली, तरच ती राहते. माझ्या मुलीला मी सहावीत लोहयुक्त ब्लू-ब्लॅक दिली आणि रविवारी सकाळी पेन धुण्याचे काम तिच्याकडे सोपवले. तीन वर्षांत तिचे स्टीलचे निब खराब झालेले नाही. आणि पाण्याचे सोडा, उन्हाचे काय? भिंतीवर लावलेले रॉयल ब्लूतले वेळापत्रक आमच्याकडे एका उन्हाळ्यात जवळजवळ पुसले गेले.

नौपाडाकर

उन्हाबद्दल मला स्वतः पाहायचे आहे. आज एकाच कागदावर दोन्ही शायांनी तीच ओळ लिहिली, अर्ध्या भागावर पुठ्ठा लावला आणि कागद दक्षिणेकडच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवला आहे. दिवाळीत पुठ्ठा काढून दोन्ही भागांचे छायाचित्र इथे देईन.