बुलेट ३५०, चार गिअरचा जुना बॉक्स: घरी अख्खा बदलावा की उघडून दुरुस्त करावा? (मदत हवी आहे)

नमस्कार.

माझ्याकडे १९९६ सालची बुलेट ३५० आहे. इंजिन जुन्या, बिडाच्या सिलिंडरचे असून गिअरबॉक्स त्याच्या मागे स्वतंत्रपणे जोडलेला, चार गिअरचा, अल्बियन या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचा आहे. गिअर लिव्हर उजवीकडे आहे. पहिला गिअर वर आणि पुढचे तीन खाली पडतात. २००९ नंतरच्या बुलेटमध्ये इंजिन आणि गिअर एकाच आवरणात आले, त्यामुळे त्या गाड्यांवर काम केलेल्यांचा अनुभव मला कितपत लागू पडेल याची शंका आहे. म्हणून गाडीची माहिती आधीच स्पष्ट करतो.

तक्रारी तीन आहेत. पहिली आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे चढावर दुसरा गिअर सुटतो. आंबा घाटात मागे माणूस बसलेला असताना थ्रॉटल वाढवला की गिअर धाडकन न्यूट्रलमध्ये येतो, इंजिन ओरडते आणि मागून येणारा ट्रक हॉर्न देऊ लागतो. दुसरी तक्रार गिअरबॉक्समधून येणाऱ्या घुमणाऱ्या आवाजाची. हा आवाज गेल्या पावसाळ्यापासून आहे आणि हळूहळू वाढत आहे. तिसरी म्हणजे किक अधूनमधून सटकते: पाय अर्ध्यावर पोहोचतो आणि पुढे काहीच पकड लागत नाही.

आमच्या गावातील एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तेथील मिस्त्रींनी बॉक्स न उघडताच, आवाज ऐकून, अख्खा बॉक्स बदलावा लागेल असे सांगितले. मला त्यांच्या कानावर अविश्वास दाखवायचा नाही, परंतु बदलायचाच असेल तर तो मी स्वतः घरी बदलावा असे मनात आहे. क्लच प्लेट, चेनसेट, पॉइंटचे सेटिंग ही कामे मी स्वतः केलेली आहेत. गिअरबॉक्स मात्र कधी उघडलेला नाही. माझ्याकडे सॉकेट सेट, टॉर्क पाना आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आहे. पुलर, म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढणारे हत्यार, एकही नाही. जागा म्हणजे इमारतीखालील पार्किंगचा कोपरा. तिथे दिवा आहे, मात्र काम एका बैठकीत पूर्ण झाले नाही तर गाडी तशीच उघडी ठेवावी लागेल.

पुण्याच्या जुन्या बाजारातून वापरलेला पूर्ण बॉक्स आणावा, की बुलेटच्याच इलेक्ट्रा ५एस या मॉडेलला पूर्वी येणारा पाच गिअरचा बॉक्स बसवावा, की आहे तोच उघडावा, हा मुख्य प्रश्न आहे. त्याशिवाय बॉक्स काढण्यासाठी इंजिन चौकटीतून उतरवावे लागते का, आणि पुलरखेरीज कोणती हत्यारे आधीच जमवून ठेवावीत, हेही कृपया सांगावे. गाडी मला विकायची नाही आणि घाईही नाही.

प्रतिसाद १

नमस्कार. आपण लक्षणे नीट लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे आहे. बॉक्स विकत घेण्यापूर्वी दोन साध्या चाचण्या करा, कारण या बॉक्समध्ये बिघाडाची जागा बऱ्याचदा बाहेरूनच कळते.

चौथ्या गिअरमध्ये घुमणारा आवाज येतो की नाही, हे आधी बघा. या रचनेत क्लच मेन शाफ्टला फिरवतो, मेन शाफ्टवरून जोर खालच्या ले शाफ्टवर जातो आणि तिथून परत वर येऊन स्लीव्ह गिअरमार्फत (मेन शाफ्टभोवती बसणारा पोकळ गिअर) स्प्रोकेटला मिळतो. पहिल्या तीन गिअरमध्ये हाच मार्ग असतो. चौथ्यात मेन शाफ्ट आणि स्लीव्ह गिअर एकमेकांना थेट अडकतात, आणि ले शाफ्ट नुसता, जोर न घेता फिरत राहतो. म्हणून पहिल्या तीन गिअरमध्ये आवाज आणि चौथ्यात शांतता असेल, तर बोट ले शाफ्ट व त्याच्या दोन्ही टोकांच्या बुशांकडे (टोके ज्यांत फिरतात त्या छोट्या नळ्या) ठेवावे. चारही गिअरमध्ये सारखाच आवाज असेल तर मेन बेअरिंग किंवा स्लीव्ह गिअरचे बेअरिंग संशयित ठरते आणि काम एकदम मोठे होते.

दुसरी चाचणी तेलाची. गाडी थोडी चालवून गरम करा, तेल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात काढा आणि त्यात चुंबक फिरवा. चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट येणे या वयाच्या बॉक्सला शोभणारे आहे. दाताचे तुकडे, कोपरे असलेले कण किंवा पत्र्यासारखे पापुद्रे मिळाले तर दात तुटलेला आहे असे समजावे. चुंबकाला न चिकटणारी पिवळसर चमक दिसली तर ती कांस्याच्या बुशाची झीज असते. आपल्या बाबतीत मला तीच दिसेल असे वाटते.

आता दुसऱ्या गिअरबद्दल. गिअर जोराखाली सुटण्याची कारणे अनेक आहेत. गिअरवरील डॉगच्या (शेजारच्या गिअरमध्ये अडकणारे खुंटीसारखे दात) कडा गोल झालेल्या असू शकतात, गिअर सरकवणारा फोर्क झिजलेला असू शकतो, गिअरची जागा धरून ठेवणाऱ्या प्लंजरची स्प्रिंग थकलेली असू शकते. परंतु या बॉक्समध्ये त्याहूनही सामान्य कारण म्हणजे पायाच्या रॅचेटचे, म्हणजे लिव्हरच्या एका दाबाला एकच गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचे, बिघडलेले सेटिंग. उजवीकडचे बाहेरचे झाकण काढले की रॅचेटची एक पट्टी दिसते, जिचे बोल्ट लांबट भोकांतून जातात आणि पट्टी थोडी सरकवता येते. ती एका बाजूला सरकलेली असेल तर एका दिशेला गिअर पूर्ण खोलवर जात नाही, डॉग अर्धेच अडकतात आणि जोर पडताच निसटतात. अर्ध्यावर अडकणाऱ्या डॉगच्या कडा मग लवकर गोल होतात, म्हणजे सेटिंग बिघडलेले राहिले तर त्यातून झीजही ओढवते. म्हणून नवे गिअर आणण्यापूर्वी ही पट्टी तपासलीच पाहिजे. बुलेटवाल्यांमध्ये ज्या फॉल्स न्यूट्रलचा (दोन गिअरांच्या मध्येच अडकून न्यूट्रल लागणे) इतका बोभाटा आहे, त्यातला मोठा वाटा या पट्टीचा आहे असे माझे मत आहे.

इंजिन उतरवावे लागत नाही. उलट बहुतेक वेळा बॉक्सची खोळसुद्धा जागेवरून हलवावी लागत नाही. झाकणे काढल्यावर शाफ्ट, गिअर आणि किकचे भाग उजव्या बाजूने बाहेर येतात. खोळ फक्त तिच्यात ठोकून बसवलेली बेअरिंगे किंवा आतला गिअर सरकवणारा भाग बदलायचा असेल तरच काढावी लागते. परंतु मेन शाफ्ट बाहेर येण्यासाठी डावीकडचा क्लच आधी सुटलाच पाहिजे, आणि घरी काम करणाऱ्याचा खरा वेळ तिथेच जातो.

डावीकडचा क्रम असा ठेवा. बॅटरीची तार काढा. डावे फूटरेस्ट आणि ब्रेकचे पेडल बाजूला करा, चेनकेसखाली पसरट भांडे ठेवा आणि मधला नट काढून बाहेरचे झाकण उतरवा. मग चार्जिंगच्या अल्टरनेटरचे स्टेटर (स्थिर भाग) आणि रोटर (फिरणारा भाग) काढा. त्यानंतर क्लचच्या स्प्रिंगा, प्लेटा, आणि क्लच सेंटरचा नट. इथली प्रायमरी चेन (इंजिनपासून क्लचपर्यंतची) जोड नसलेली, अखंड असते, त्यामुळे इंजिनचे स्प्रोकेट आणि क्लच चेनसकट एकाच वेळी बाहेर ओढावे लागतात. एक काढून दुसरे ठेवता येत नाही. या ठिकाणी पुलर लागतो म्हणजे लागतोच. स्क्रूड्रायव्हरने मागून उचकटण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी नक्की देईल. क्लचचे बास्केट त्याने वाकते, आणि वाकलेल्या बास्केटचा क्लच पुन्हा कधी साफ सुटत नाही. नट सोडवताना शाफ्ट फिरू नये म्हणून जुनी पोलादी क्लच प्लेट एका लोखंडी पट्टीला वेल्ड करून पकड तयार करून घ्या. कोणताही फॅब्रिकेशनवाला ती लगेच करून देतो.

जुन्या बाजारातल्या बॉक्सबद्दल एवढेच म्हणतो की तो आपल्या बॉक्सइतकाच जुना असेल, आणि त्याची लक्षणे आपल्याला ठाऊक नसतील. पाच गिअरच्या बॉक्सविषयी उत्साह मी समजू शकतो, पण इलेक्ट्रा ५एसचा बॉक्स डाव्या पायाचा आहे. तो बसवला की मागच्या ब्रेकचे पेडल उजवीकडे आणावे लागते, म्हणजे ब्रेकची सगळी जोडणी बदलते. बॉक्सच्या कामात ब्रेकचे काम शिरू देऊ नये.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. दोन्ही चाचण्या केल्या. चौथ्या गिअरमध्ये आवाज जवळजवळ नाहीसा होतो. तिसऱ्यात टाकला की लगेच परत येतो. तेलात करडी पेस्ट होती आणि आपण म्हटल्याप्रमाणे न चिकटणारी पिवळी चमकही होती. तुकडा एकही मिळाला नाही. बाहेरचे झाकण उघडून पाहिले असता रॅचेटच्या पट्टीचा एक बोल्ट हाताने फिरण्याइतका सैल निघाला.

आता बुश बदलायच्या झाल्या तर त्या घरी निघतील का, की खोळ काढून लेथवाल्याकडे न्यावी लागेल? आणि क्लच परत बसवताना काय सांभाळावे?

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे. मी फक्त बुश आणि जोडणीबद्दल लिहितो.

आंधळ्या भोकातली बुश मागून ठोकता येत नाही, पण ती काढण्याची जुनी युक्ती आहे. बुशचे भोक घट्ट ग्रीसने भरा, त्यात अगदी बेताच्या मापाची लोखंडी दांडी घाला आणि हातोडीने ठोका. ग्रीसला जायला दुसरी जागा नसल्यामुळे ते बुशच्या मागे शिरते आणि बुशला बाहेर ढकलते. दांडी सैल असेल तर ग्रीस फक्त आपल्या तोंडावर उडते, म्हणून दांडी लेथवर मापाची करून घ्यावी आणि डोळ्यांवर चष्मा ठेवावा. खोळ ॲल्युमिनियमची असल्याने हॉट एअर गनने तो भाग गरम केला तर बुश सोपी निघते आणि नवी बसवतानाही कमी जोर लागतो. गॅसची ज्योत थेट लावू नका. नवी बुश बसवल्यावर शाफ्ट मोकळा फिरत नसेल तर रीमरने (भोक किंचित मोठे करणारे हत्यार) माप आणावे लागते. ले शाफ्टचे टोक स्वतःच खरचटलेले असेल तर नवी बुशही लवकर जाईल, तेव्हा शाफ्ट बाहेर आल्यावर टोकांवरून नख फिरवून पाहा. नख अडकले तर शाफ्टही बदला.

किकचा पॉल (दातात अडकणारी खिटी) आणि त्याचा दात असलेला रॅचेट (पायाच्या रॅचेटहून वेगळा) त्याच कामात निघतात. किक सटकते म्हणजे दोहोंपैकी एकाच्या कडा गेलेल्या आहेत. दोन्ही जोडीनेच बदलावेत, कारण जुन्या रॅचेटवर नवा पॉल टिकत नाही. वॉशर काढताना त्यांचा क्रम आणि दिशा टिपून ठेवा, मोबाइलवर फोटो काढलेले उत्तम. कागदी पॅकिंग मूळ जाडीचेच वापरा. जाड पॅकिंगमुळे शाफ्टची पुढेमागे खेळ वाढते, आणि पातळ घातले तर शाफ्ट आवळला जातो.

डावीकडे परत जोडताना दोन मापे सांभाळा. रोटर आणि स्टेटरमधील फट सर्व बाजूंनी सारखी आणि कमीत कमी ०.२ मिलिमीटर असावी. आपल्याकडे फिलर गेज आहेच. रोटर स्टेटरला कुठे घासला तर चार्जिंग जाईल. प्रायमरी चेन सर्वांत ताणलेल्या जागी वरच्या बाजूला साधारण ६ मिलिमीटर वरखाली हलली पाहिजे. या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाला पक्का बोल्ट केलेला असल्यामुळे ही चेन बॉक्स सरकवून नव्हे, तर खालच्या टेन्शनरनेच ताणली जाते.

रॅचेटची पट्टी शेवटी बसवा आणि बाहेरचे झाकण लावण्यापूर्वी तपासा. गाडी मेन स्टँडवर घ्या, प्लग काढून ठेवा, मागचे चाक एका हाताने फिरवत दुसऱ्या हाताने चारही गिअर वर आणि खाली असे दोन्ही दिशांनी टाका. प्रत्येक गिअर पडल्यानंतर लिव्हरला दोन्हीकडे सारखीच मोकळी चाल उरली पाहिजे. एका बाजूला कमी उरत असेल तर बोल्ट सैल करून पट्टी किंचित सरकवा आणि पुन्हा पहिल्यापासून चारही गिअर तपासा. न्यूट्रल फाइंडर, म्हणजे गिअर थेट न्यूट्रलमध्ये आणणारा वेगळा लिव्हर, हाही याच वेळी पाहून घ्या. पहिला सोडून बाकी तीनही गिअरमधून तो थेट न्यूट्रलमध्ये आणतो, त्यामुळे एखाद्या गिअरमधून तो चुकला तर पट्टी अजून जागेवर आलेली नाही.

तेलाचा वाद इथे सुरू करत नाही, कारण त्यावर वेगळा धागा लागेल. पातळ तेल या बॉक्समधून झिरपते, एवढे लक्षात ठेवून अर्धप्रवाही ग्रीस किंवा ९० नंबरचे गिअर ऑइल यांपैकी आपल्याला सहज मिळेल ते घाला, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ते काढून पुन्हा चुंबक फिरवा.