मदत हवी आहे: आजोबांच्या गिटारच्या नख्यांची किंमत किती? (आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय)

अजनीचा_पिंटू (धागाकर्ता), सकाळी 9.12
नमस्कार मंडळी. घर रिकामं करून राहिलो. आजोबांच्या पेटीत एका डबीत गिटारच्या जुन्या नख्या (बोटांत घालून तारा छेडतात त्या) सापडल्या. काल सीताबर्डीत एकाला दाखवल्या, तर म्हणे सगळ्यांचे मिळून 3000 देतो, आत्ताच द्या. एवढी घाई काहून, म्हणून शंका आली. आज सात वाजता त्याचा फोन येणार आहे. भाव बरोबर आहे का? ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच सांगा. मागे गीझरचं विचारलं होतं तर तुम्ही लोक तीन दिवस सौर ऊर्जेवर भांडले.

तर्रीपोहे, 9.20
फोटो कुठंय?

निवृत्त_पेटीवाला, 9.34
नख्या म्हणजे मिजराब ना? सतारीची पोलादी तारेची असते. तिला कोणी 3000 देत असेल तर माझ्याकडे अर्धा डबा भरून आहेत, त्या गृहस्थाचा पत्ता कळवा.

अजनीचा_पिंटू, 9.41
काका, गिटार लिहिलंय. सतार नाही.

विदर्भवीर_77, 9.50
ऐतिहासिक वस्तू अशी परस्पर विकता येत नाही. पुरातत्त्व खात्याकडे नोंद करा, नाहीतर अजब बंगल्याला, म्हणजे आपल्या नागपूरच्या संग्रहालयाला दान द्या. आपला वारसा आपणच जपला पाहिजे.

वकीलसाहेब_सदर, 10.02
वीर, त्या कायद्यात साधारण 100 वर्षांची अट आहे. आजोबांची गिटार म्हणजे शिवकालीन शस्त्र नव्हे.

इतवारीकर, 10.15
सराफ्यात तीस वर्षं बसतोय. पांढऱ्या धातूच्या असतील तर जर्मन सिल्व्हर. नावात सिल्व्हर, आत चांदी शून्य: तांबं, जस्त, निकेल. वजनावर चहाचे पैसे निघणार नाहीत. 3000 मिळताहेत तर डोळे मिटून घ्या.

सरकपट्टी, 10.40
इतवारीकर, ही वस्तू वजनावर विकतच नाहीत, तुमचा तराजू इथं कामाचा नाही.
पिंटूभाऊ, आधी हे सांगा. गिटार साधी की मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, म्हणजे हवाईयन? नख्या किती? अंगठ्याची वेगळी आहे का? कशावर काही कोरलंय का? आजोबा काय करायचे?

अजनीचा_पिंटू, 11.05
आजोबा बीएनआरमध्ये, म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वेत होते, खरगपूरहून बदली होऊन मोतीबागेत आले. गिटार आडवीच ठेवायचे, वरून लोखंडी दांडी फिरवायचे. सगळ्यांना माहीतच असतं ना? नख्या पाच. चार धातूच्या, एक अंगठ्याची तपकिरी. दोनवर NATIONAL छापलंय, म्हणजे नॅशनल. एकीवर .018 आहे. चौथीवर काहीच नाही.

तर्रीपोहे, 11.07
फोटो.

सरकपट्टी, 11.30
आता कुठं बोलता येईल. खरगपूरवरून आले म्हणता, मग जुळतं. हवाईयन गिटार आपल्याकडे कलकत्त्यातून पसरली. टाऊ मो नावाचा हवाईचा वादक 1940 च्या दशकात कुटुंबासह तिथं राहिला होता, त्यातून शिकणारे तयार झाले. पुढे ब्रिजभूषण काबरांनी आडव्या गिटारवर राग मांडले, विश्वमोहन भट्टांना 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं. या वाद्यात उजव्या हाताला अंगठ्याची एक आणि बोटांच्या दोन, अशा तीन नख्या घालायची चाल सर्रास आहे.
नॅशनल ही 1927 मध्ये लॉस एंजलिसला निघालेली कंपनी, धातूच्या गिटारी बनवायची. तिच्या वारसदार व्हाल्कोचा कारखाना 1968 मध्ये बंद झाला. तोपर्यंतच्या नख्यांना आजही गिऱ्हाईक आहे, आणि ते संग्रहालयं नव्हेत, वाजवणारे लोक, त्यातही अमेरिकेतले बँजो आणि स्टील गिटारवाले. जुन्या पत्र्याचा ताण आणि पात्याचा वळसा त्यांना नव्या नखीत मिळत नाही म्हणे.
पण नॅशनल हे नाव नव्या मालावरही असतं, नुसत्या ठशावर जाऊ नका. .018 वाली डनलॉप कंपनीची असावी. तो इंचातला जाडीचा आकडा, ती आजही दुकानात मिळते.

इतवारीकर, 11.44
म्हणजे पत्र्याच्या तुकड्याला कारखाना बंद झाला म्हणून किंमत? मग माझ्या एम्प्रेस मिलच्या सतरंजीला लाख द्या.

सरकपट्टी, 11.52
लाख कोणी म्हटलं? जुन्या नॅशनलची जोडी सरळ, न घासलेली असेल तर काही हजार. आणि जोडीच हवी. दोन्ही नख्या एका जाडीच्या, एका घडणीच्या नसतील तर वाजवणाऱ्याला एका बोटाचा आवाज कापरा, दुसऱ्याचा जाड येतो. ईबेवर मागितलेले आकडे बघू नका, विकून झालेल्यांचे बघा. मागायला काय, कोणीही काहीही मागतो.

अजनीचा_पिंटू, 12.20
न घासलेली म्हणजे? आईनं चिंचेचा कोळ लावून दोन चकचकीत केल्या. बाकीच्यांना तिनं अजून हात लावला नाही.

सरकपट्टी, 12.23
अरे देवा. आईंना थांबवा!! कोणत्या दोन?

अजनीचा_पिंटू, 12.25
एक नॅशनलवाली, एक बिनछापाची. छान दिसून राहिल्या. मुलामा असेल तर गेला असंल.

निवृत्त_पेटीवाला, 12.48
आईंचा काय दोष, आमच्या घरातही पितळी भांडी चिंचेनंच उजळतात. बाकी बाजाच्या पेटीला अशी किंमत कधीच येत नाही. 1978 ची माझी पेटी, सागवानी बॉडी, कोणी 500 ला घेईना.

गोंडवाना_गिटार, 1.15
भाऊ, गिटार शिकायची असेल तर धरमपेठेत आमचा क्लास आहे. पहिले तीन दिवस मोफत.

मायक्रोबायोताई, 2.05
सगळे धातूच्या मागे लागलेत, तपकिरीबद्दल कोणीच बोलत नाही. पिंटू, ती उजेडात कशी दिसते? प्लास्टिकच्या वाडग्यासारखी, की मधात डाग पडल्यासारखी?

अजनीचा_पिंटू, 2.20
मधासारखी. आत गडद ढग. खिडकीशी धरली तर सुंदर दिसते. आणि हो, सांगायचं राहिलं, काल तो दुकानदार म्हणाला होता, बाकीच्या नाही दिल्या तरी चालेल, अंगठ्याची तेवढी द्या. पैसे तेवढेच.

वकीलसाहेब_सदर, 2.26
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं.

मायक्रोबायोताई, 2.40
अगदी. जुन्या काळी अशा नख्या सेल्युलॉइड नावाच्या जुन्या प्लास्टिकच्या असत, किंवा खऱ्या कासवाच्या कवचाच्या, हॉक्सबिल कासवाच्या. भिंगातून बघ. खऱ्या कवचात गडद भाग बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसतो, नकलीत रंग ओघळल्यासारखा.

तर्रीपोहे, 2.44
सुई तापवून टोचा. केस जळल्याचा वास आला तर कासव, कापराचा आला तर सेल्युलॉइड. एका मिनिटात निकाल.

मायक्रोबायोताई, 2.49
टोचू नको! सेल्युलॉइड भुर्रकन पेटतं, जुन्या सिनेमाच्या रिळासारखं. आणि कवच निघालं तर भोकाची वस्तू कोण घेणार? कपड्यावर जोरात घासून वास घे. कापूर आला तर सेल्युलॉइड.

अजनीचा_पिंटू, 3.30
घासली. कापूर नाही. कसलाच वास नाही, आजोबांच्या तपकिरीचा थोडा. भिंगातून ठिपके आहेत.

वकीलसाहेब_सदर, 3.41
मग 3000 विसर. हॉक्सबिल वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहे. त्या कासवाच्या कवचाची वस्तू अशी विकणं आणि विकत घेणं, दोन्ही गुन्हा. परदेशी पाठवणं तर त्याहून वाईट. आजोबांची होती हा बचाव चालत नाही. घरात ठेवण्यालाही नियम आहेत, म्हणून सिव्हिल लाइन्समध्ये वनभवनात जाऊन लेखी विचार. त्या दुकानदाराला घाई काहून होती ते कळलं आता.

विदर्भवीर_77, 3.50
मी आधीच म्हटलं होतं सरकारी खात्यात जा.

वकीलसाहेब_सदर, 3.52
तुम्ही अजब बंगल्यात पाठवत होते.

इतवारीकर, 4.10
धातूच्या चार विकायला हरकत नाही ना? दुसरी नॅशनल अजून घासलेली नाही. एकच का होईना.

सरकपट्टी, 4.18
इतवारीकर सकाळपासून पहिल्यांदा बरोबर बोलले. पण एकटीचा भाव पडतो. घासलेलीशी जुळते का, ते वर्निअरनं जाडी मोजून बघा. आणि पिंटूभाऊ, ती लोखंडी दांडी कुठंय? वाद्याचं नाव स्टील गिटार त्या पोलादी दांडीमुळेच पडलं. गुळगुळीत असेल तर वाजवणाऱ्याला तिचं मोल नख्यांपेक्षा कमी नाही.

अजनीचा_पिंटू, 7.25
फोन आला होता. अंगठ्याची नाही देत म्हटलं तर 5000 वर गेला. कासवाचं नाव काढलं, तर त्यानं फोनच ठेवला. सोमवारी वनभवनात जातो. दोन्ही नॅशनलची जाडी सारखी निघाली. गिटार मात्र 2009 मध्येच भंगारात गेली. दांडी आहे, पण आई तिनं वेलदोडे कुटते.

सरकपट्टी, 7.31
कुटते?? टोक चेपलंय का? विकायची असेल तर मी कामठीहून उद्याच येतो. भाव तुम्ही सांगा.

अजनीचा_पिंटू, 7.40
आईला विचारलं. नाही म्हणते. एवढी वजनदार दुसरी मिळत नाही म्हणे.

तर्रीपोहे, 7.42
फोटो तरी टाका दांडीचा.