स्कॅन क्लीन आला तरी रजिस्ट्री बघाच

व्हायरस लागलेल्या पीसीचा ड्राइव्ह काढून दुसऱ्या पीसीला जोडा आणि अँटीव्हायरसने स्कॅन करा, हा नेहमी दिला जाणारा सल्ला योग्यच. त्यावरचं विंडोज चालू नसल्याने रूटकिटला, म्हणजे विंडोजच्या आत शिरून स्वतःला लपवणाऱ्या व्हायरसला, लपता येत नाही. पण ‘स्कॅन क्लीन म्हणजे काम फत्ते’ हे पटलं नाही. स्कॅनर बहुतेक वेळा चालू पीसीचीच रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) तपासतो. जोडलेल्या ड्राइव्हवरची नुसती फाइल म्हणून पडून राहते.

ती हाताने उघडावी लागते. रेजएडिट या विंडोजच्याच रजिस्ट्री उघडायच्या प्रोग्राममध्ये एचकेएलएम (HKEY_LOCAL_MACHINE) निवडून फाइल मेनूतलं ‘लोड हाइव्ह’ (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीची फाइल), मग त्या ड्राइव्हच्या विंडोज, सिस्टम३२, कॉन्फिग फोल्डरातली ‘सॉफ्टवेअर’ फाइल. नाव काहीही द्या, आणि आतली ‘रन’ की, म्हणजे आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी, बघा. प्रत्येक युजरच्या रजिस्ट्रीची वेगळी फाइल, एनटीयूजर डॉट डॅट (NTUSER.DAT), असते; तीही अशीच उघडा, खरी घाण बऱ्याचदा तिथेच. झाल्यावर ‘अनलोड हाइव्ह’ करूनच केबल काढा.