मदत हवी आहे: जपानी लीफ, लातूर आणि चार्जिंगचा घोळ

मंडळी, नमस्कार. आमचे दाजी परदेशातून परतताना निसान लीफ ही विजेवरची गाडी घेऊन आले, २४ किलोवॅट-तासाच्या बॅटरीवाली. आता ती माझ्या दारात, लातूरला उभी आहे. ही गाडी इथं कधी विकलीच गेली नाही, त्यामुळं बोनेट उघडलं की मेकॅनिक आधी फोटो काढतो आणि मग हात जोडतो.

गाडीला चार्जिंगची दोन सॉकेट आहेत, टाइप १ (साध्या, हळू चार्जिंगचं) आणि चाडेमो (जलद चार्जिंगचं, जपानी पद्धतीचं). हायवेवर जिथं विचारावं तिथं टाइप २ नाहीतर सीसीएस २, म्हणजे हिला न बसणारे प्लग. म्हणून सगळी भिस्त घरच्या प्लगवर. त्यातही उन्हाळ्यात चार्जरचा लाल दिवा लुकलुकायचा आणि चार्जिंग बंद. वायरमननं अर्थिंगचा खड्डा उकरला, तर काळी माती भेगाळून कोरडी ठाक, मग अर्थिंग लागणार कसं? मीठ-कोळसा भरला, आई रोज संध्याकाळी बादलीभर पाणी ओतते, तेव्हा कुठं हिरवा दिवा लागतो. लातुरात गाडीला पाणी पाजायचं, बघा!

मला विचारायचंय ते असं. टाइप २ वरून टाइप १ ची केबल कुणी वापरलीय का? तापते का? दुसरं, बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या डॅशबोर्डवरच्या बारापैकी नऊच कांड्या उरल्यात. हिच्या बॅटरीला पाण्याचं कूलिंग नाही, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. लीफस्पाय (लीफची बॅटरी तपासायचं मोबाइल ॲप) लावून एकेक सेल तपासून देणारं कुणी लातूरच्या आसपास आहे का? पुणे सांगू नका, तिथवर एका चार्जमध्ये पोचत नाही.